धरणी हादरते तेव्हा

सन १९९३ च्या सप्टेंबर महिन्याची २९ वी तारीख. त्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या जिल्ह्यांच्या सीमेवरील खेड्यापाड्यांतून दहा दिवसांच्या गणरायाला वाजतगाजत निरोप देण्यात आला. मिरवणुका आटोपावयास रात्र झाली आणि थकलीभागली माणसे घरोघर गाढ झोपी गेली. पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटे झाली असतील नसतील, तोच भूमीच्या पोटातून मोठी घरघर उठली आणि धरणी हादरू लागली. तो हादरा पुरते एक मिनिटही टिकला नाही. परंतु तेवढ्या अवधीत किल्लारी, सास्तूर आणि आसपासची कित्येक गावे दगडमातीचे ढीग होऊन पडली. ८ ते १० हजार माणसे मृत्युमुखी पडली. जखमींची संख्या तर त्याहूनही मोठी होती.

उजाडल्यावर एक विलक्षण गोष्ट दिसून आली. गावातील जाडजूड दगडी भिंतींची घरे भुईसपाट झाली होती. मात्र गावाच्या कडेला असलेल्या कुडाच्या, गवताने शाकारलेल्या झोपड्या बऱ्याच ठिकाणी जशाच्या तशा उभ्या होत्या. ज्यांनी पै पै साठवून भक्कम घर बांधले, त्यांच्यावरच ते घर कोसळले. आणि ज्यांना भिंत म्हणण्याजोगी भिंतही नव्हती, ते वाचले. असे का व्हावे?

त्या भागातील घरांची रचना समजून घेतली म्हणजे या प्रश्नाचे उत्तर सापडते. मराठवाड्याच्या या पट्ट्यात काळा दगड मुबलक आणि ऊन कडक. उन्हापासून व चोरांपासून रक्षण व्हावे म्हणून लोक दोन-दोन, अडीच-अडीच फूट रुंदीच्या दगडी भिंती घालीत. भिंतीचे दोन पदर असत, एक बाहेरचा आणि एक आतला. मधल्या पोकळीत लहानमोठे धोंडे व माती भरीत. दोन्ही पदरांना एकत्र बांधून ठेवणारे आरपार जाणारे लांब दगड क्वचितच घालीत. दगड बसवावयास चुना नसे, चिखल असे. वरती माळवद, म्हणजे खांबांवर तुळया, तुळयांवर फळ्या आणि फळ्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. पावसाळ्यात माळवद गळू नये म्हणून त्यावर वेळोवेळी नवी माती टाकण्याची रीत होती. आजोबांनी टाकलेल्या मातीवर वडिलांनी टाकावी, वडिलांच्या मातीवर मुलाने टाकावी, असे होता होता कित्येक माळवदांवर हात-दीड हात जाडीची माती साचली होती.

अशा घरात उन्हाळ्यात गारवा राहतो व हिवाळ्यात ऊब राहते. ते बांधणारे गवंडी अडाणी होते असे कोणी म्हणू नये. त्या हवेला साजेसे घर त्यांनी बांधले होते. परंतु भिंतीने वरून येणारा भार पेलणे वेगळे आणि आडवा हिसका सोसणे वेगळे. भूमी आडवी हादरताच चिखलाने धरलेले दगड सुटले, भिंतीचे दोन पदर एकमेकांपासून विलग झाले आणि एक आत, एक बाहेर असे कोसळले. पुष्कळ घरांत खांब व तुळया यांचा सांगाडा तसाच उभा राहिला आणि माणसे गेली ती भिंतींच्या दगडांखाली. जेथे सांगाडाही कलला, तेथे माळवदाची सारी माती निजलेल्या माणसांच्या अंगावर आली. झोपडीच्या बाबतीत गोष्ट निराळी. कूड हलतो, वाकतो, तिरका होतो. पडलाच तरी त्याच्या भाराने माणूस मरत नाही.

याच्या जोडीला कोयनेचा भूकंप आठवावा. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे, किल्लारीप्रमाणेच लोक साखरझोपेत असताना, सातारा जिल्ह्यातील कोयनानगरला भूकंपाचा जबर धक्का बसला. त्याची तीव्रता ६.३ होती, किल्लारीच्या भूकंपाची ६.२. म्हणजे बळाच्या दृष्टीने दोघे जवळजवळ भाऊभाऊच. कोयनेचेही नुकसान थोडे नव्हते. कोयनानगरातील बहुतेक घरे पडली किंवा फुटली, धरणाच्या भिंतीला चिरा गेल्या आणि वीजकेंद्र बंद पडल्यामुळे मुंबईपर्यंत अंधार झाला. धरण मात्र उभे राहिले. पुढे ते अधिक मजबूत करण्यात आले. त्या भूकंपात सुमारे १८० माणसे दगावली. प्रत्येक जीव मोलाचाच. तरीही १८० आणि ८ ते १० हजार यांतील अंतर विचार करावयास लावणारे आहे. कोयनेच्या खोऱ्यात वस्ती विरळ होती आणि घरांची छपरे बहुधा उतरती, कौलारू, हलकी होती. किल्लारीकडे गावे मोठी, दाट आणि डोक्यावर मातीचा डोंगर.

भूकंपाची मुख्य गोष्ट यातच आली आहे. हलणारी जमीन माणसाला सहसा मारीत नाही. जमीन दुभंगून माणसे गडप होतात, ही कल्पना कथाकादंबऱ्यांतच अधिक आढळते. माणूस दगावतो तो अंगावर पडणाऱ्या वस्तूने. मग ती भिंत असो, छप्पर असो, कपाट असो की सज्जाचा कठडा असो. म्हणून आपल्या डोक्यावर काय आहे आणि बाजूला काय आहे, हे ज्याला आधीपासून ठाऊक असते, त्याला धक्क्याच्या वेळी काय करावे हे निराळे आठवावे लागत नाही.

आता भूमी हादरतेच का, हे थोडक्यात पाहू. आपल्या पूर्वजांनी पृथ्वीला ‘अचला’ असे नाव दिले. ती शेषाच्या मस्तकावर स्थिर असून त्याने मस्तक हलविले की भूकंप होतो, अशी समजूत आपल्याकडे होती. जपानात तेच काम जमिनीखालच्या एका अजस्र माशाकडे दिले गेले होते. भूगर्भशास्त्राने मात्र असे दाखवून दिले आहे की, पृथ्वी मुळी अचल नाहीच. तिचे बाहेरचे कवच अनेक प्रचंड तुकड्यांचे बनले असून ते तुकडे अतिशय मंद गतीने सरकत असतात. भारत ज्या तुकड्यावर आहे तो वर्षाला सुमारे ५ सेंटीमीटर या वेगाने उत्तरेकडे सरकतो. आपली नखे वाढतात, साधारण तसाच हा वेग! त्या रेट्यानेच हिमालय उभा राहिला. त्या रेट्याचा ताण दूर दख्खनच्या खडकांतही पोहोचतो. खडकात जुनी भेग असली आणि ताण सोसण्याची तिची सीमा संपली, म्हणजे भेगेच्या दोन्ही बाजूंचे खडक एकाएकी घसरतात व त्यांचा हिसका लाटांच्या रूपाने चोहोकडे पसरतो. कोयनेची गोष्ट थोडी निराळी आहे. तेथे १९६२ साली जलाशय भरू लागल्यानंतर लहान लहान धक्के सुरू झाले. पाण्याच्या भाराने व खडकाच्या भेगांत मुरलेल्या पाण्याने आधीच ताणलेल्या खडकांना निमित्त मिळाले, असे शास्त्रज्ञ मानतात. त्या खोऱ्यात आजही लहानसहान धक्के बसतात.

भूकंपाच्या लाटा दोन प्रकारच्या असतात, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. पहिली लाट वेगाने येते, पण तिचा धक्का सौम्य असतो. भांडी खणखणतात, तावदाने थरथरतात, कुत्री भुंकू लागतात. दुसरी लाट मागाहून येते आणि घरे पाडते ती हीच. भूकंपाचे केंद्र शंभर कोस दूर असेल तर दोन लाटांमध्ये बराच अवधी मिळतो. केंद्र पायांखालीच असेल तर एखाददुसरे पळही मिळत नाही. परंतु पहिली थरथर जाणवताच “हे काय झाले?” असे एकमेकांना विचारीत बसणे म्हणजे मिळालेला अवधी दवडणे होय.

भूकंप अमुक दिवशी, अमुक वाजता होणार, असे आज जगातील कोणताही शास्त्रज्ञ सांगू शकत नाही. कोणते प्रदेश धोक्याचे आहेत, एवढे सांगता येते. आणि त्यातही चूक होऊ शकते. किल्लारीचा प्रदेश त्या वेळच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याचा म्हणून दाखविला होता. आदल्या वर्षी, १९९२ मध्ये, तेथे लहान धक्के जाणवले होते. तरी त्यांवरून पुढच्या वर्षीची ती पहाट कोणाला ओळखता आली नाही. म्हणून आपल्या गावात कधी भूकंप झालेला नाही, एवढ्यावर विसंबून राहणे बरे नव्हे.

समजा, शाळेत वर्ग चालू आहे आणि धक्का बसला. अशा वेळी मुलांनी दाराकडे धाव घेऊ नये. चाळीस मुले एका दाराशी एकदम पोहोचली तर भूकंपाने नव्हे, चेंगराचेंगरीने घात होतो. जिना तर त्याहून धोक्याचा. इमारतीचा तो भाग पुष्कळदा आधी तुटतो. जागच्या जागी गुडघ्यांवर व हातांवर खाली बसावे, बाकाखाली शिरावे, एका हाताने डोके व मान झाकावी आणि दुसऱ्या हाताने बाकाचा पाय घट्ट धरावा. धरावयाचे एवढ्यासाठी की, जमीन हलते तसे बाकही सरकते. ते एकीकडे आणि आपण दुसरीकडे असे होता कामा नये. खिडकीच्या काचांकडे पाठ असावी. बाक नसेल तर आतल्या भिंतीशी, कपाटांपासून दूर, अंग चोरून बसावे व दप्तर डोक्यावर धरावे. हादरे थांबेपर्यंत हलू नये. ते थांबले म्हणजे शिक्षक सांगतील त्या क्रमाने, न धावता, मैदानात जावे.

घरी, अंथरुणात असताना धक्का बसला आणि घर सिमेंट-काँक्रीटचे असले, तर तेथेच पालथे होऊन उशीने डोके झाकावे. अंधारात उठून पळताना फुटलेल्या काचांवर पाय पडतात. मात्र पलंगाच्या वरच पंखा, जड तसबीर किंवा सामानाची फळी असेल तर हा उपाय चालणार नाही. म्हणून पलंग कोठे ठेवावा याचा विचार आजच करावा. उद्वाहनात, म्हणजे लिफ्टमध्ये, भूकंपाच्या वेळी जाऊ नये.

पूर्वी असे सांगत की, दाराच्या चौकटीत उभे राहावे. जुन्या मातीच्या घरांत भिंती पडल्या तरी चौकट कधी कधी उभी राहत असे, यावरून हा सल्ला निघाला. आजच्या घरात चौकट भिंतीहून बळकट नसते आणि दाराची फळी आपटून बोटे मात्र चेंगरतात. तेव्हा तो सल्ला आता सोडून द्यावा.

जुन्या दगडमातीच्या किंवा माळवदाच्या घरात काय करावे, हा प्रश्न अवघड आहे, आणि महाराष्ट्रात अशी घरे आजही पुष्कळ आहेत. दारापाशीच असू आणि दारापुढे मोकळे अंगण असेल, तर डोके झाकून झटकन बाहेर पडावे व भिंतीपासून दूर जावे. आतल्या खोलीत असू तर बाहेर पोहोचेपर्यंत भिंत पडण्याचा संभव अधिक. तेव्हा मजबूत पलंगाखाली किंवा मेजाखाली शिरणे बरे. खरा उपाय या घरातील वडीलधाऱ्यांच्या हाती आहे. माळवदावरची जादा माती उतरविणे, भिंतीत ठिकठिकाणी आरपार दगड बसविणे, घराभोवती दारांच्या माथ्याच्या उंचीवर काँक्रीटचा अखंड पट्टा घालणे, ही कामे जाणत्या अभियंत्याच्या सल्ल्याने करता येतात. किल्लारीनंतर मराठवाड्यातील पुष्कळ घरे अशा रीतीने सुधारण्यात आली.

बाहेर पडलो म्हणजे सुटलो, असेही नाही. २६ जानेवारी २००१ रोजी सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी गुजरातेत कच्छचा महाभूकंप झाला. त्याची तीव्रता ७.७ होती. त्या वेळी अंजार या गावी शाळेची मुले प्रजासत्ताक दिनाच्या मिरवणुकीत हाती तिरंगा घेऊन चालली होती. रस्ता अरुंद होता आणि दोन्ही बाजूंना उंच, जुनी घरे होती. ती घरे दोहोंकडून रस्त्यावर कोसळली. १८५ मुले आणि त्यांचे २० शिक्षक त्या गल्लीत प्राणांस मुकले. छपराखाली त्यांतले कोणीच नव्हते. म्हणून रस्त्यात असताना धक्का बसला तर इमारती, कुंपणाच्या भिंती, विजेचे खांब व तारा, मोठ्या पाट्या यांच्यापासून दूर सरावे. गल्ली अरुंद असेल आणि मोकळी जागा लांब असेल, तर पळत सुटण्यापेक्षा जवळच्या पक्क्या इमारतीत शिरून आडोसा घेणे चांगले. डोंगराच्या उतारावर असू तर वरून घरंगळणाऱ्या दगडांवर नजर ठेवावी.

समुद्रकाठच्या मुलांना एक गोष्ट अधिक सांगितली पाहिजे. नोव्हेंबर १९४५ मध्ये मकरानच्या किनाऱ्याजवळ मोठा भूकंप झाला, तेव्हा त्याने उठविलेल्या लाटा मुंबईपर्यंत येऊन पोहोचल्या होत्या. तेव्हा किनाऱ्यावर असताना जमीन बराच वेळ जोराने हलली, किंवा समुद्र एकाएकी मागे हटू लागला, तर उघड्या पडलेल्या पुळणीवर शिंपले वेचावयास न जाता तडक उंच जागा गाठावी.

हादरे थांबले म्हणजे भूकंप संपला, असे मानू नये. मोठ्या धक्क्यामागून लहान धक्के येतच राहतात; कधी काही तास, कधी काही महिने. पहिल्या धक्क्याने खिळखिळी झालेली भिंत दुसऱ्या, लहान धक्क्याने पडते. दप्तर राहिले, पैसे राहिले, शेळी राहिली म्हणून तडा गेलेल्या घरात परत शिरणाऱ्यांचे प्राण याच धक्क्यांनी घेतले आहेत. बाहेर येताना पायांत चपला असाव्यात. आपली माणसे मोजावीत. यासाठी घरातील सर्वांनी एकत्र जमण्याची एक मोकळी जागा आधीच ठरविलेली असली, तर हाका मारीत फिरावे लागत नाही.

दुसरे भय आगीचे. १ सप्टेंबर १९२३ रोजी जपानात टोकियो व योकोहामा या शहरांना भूकंपाचा धक्का बसला, तेव्हा दुपारचे बारा वाजावयास दोन मिनिटे होती. घरोघर स्वयंपाकाच्या चुली पेटलेल्या होत्या. लाकडी घरे त्या चुलींवर कोसळली आणि वाऱ्याने शहरे पेटली. एक लाखाहून अधिक माणसे गेली. त्यांतील बहुसंख्य आगीत. आपल्याकडे आता चुलीच्या जागी गॅस आला आहे. म्हणून मोठ्या माणसांनी आधी सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करावा आणि विजेचा मुख्य खटका खाली ओढावा. गॅसचा वास येत असेल तर काडी ओढू नये, विजेचे बटणही दाबू नये. दारे-खिडक्या उघडून बाहेर पडावे. अंधार असेल तर विजेरी वापरावी, आणि तीही घराबाहेरच पेटवून मग आत न्यावी. जपानात १ सप्टेंबर हा दिवस आजही आपत्तिनिवारणाचा दिवस म्हणून पाळला जातो व शाळाशाळांतून मुलांची कवायत घेतली जाते. आपल्या शाळांतून अशी कवायत होते तेव्हा बाकाखाली शिरताना मुले हसतात. हसू द्यावे, अंगाला वाकण्याची सवय लागली म्हणजे झाले.

कोणी जखमी असेल तर वाहत्या रक्तावर स्वच्छ फडके घट्ट दाबून धरावे. मानेला किंवा पाठीला मार लागलेल्या माणसाला, तेथे नवा धोका नसेल तर, हलवू नये. मदतीसाठी ११२ हा क्रमांक फिरवावा. परंतु नातेवाइकांची ख्यालीखुशाली विचारण्यासाठी तास तास बोलू नये, चार शब्दांचा संदेश धाडावा. त्या वेळी ज्याला खरोखर मदत हवी असते, त्याचा फोन लागला पाहिजे. तसेच पडझड पाहावयास जाऊ नये. किल्लारीकडे मदत घेऊन निघालेल्या वाहनांना बघ्यांच्या गर्दीतून वाट काढावी लागली होती. “आज रात्री पुन्हा मोठा धक्का बसणार आहे” अशा वार्ता अशा वेळी हटकून पसरतात. वेळ सांगून भूकंप येत नाही, हे ज्याला ठाऊक आहे त्याने त्या पुढे पसरवू नयेत.

आणि कोणी ढिगाऱ्याखाली सापडलेच तर? सतत ओरडून दम घालवू नये. ओरडताना नाकातोंडात धूळ जाते. नाकावर कापड धरावे, काडी पेटवू नये, उगाच धडपडून वरचा ढिगारा हलवू नये. हाताशी असलेल्या दगडाने भिंतीवर किंवा नळावर तीन-तीन ठोके द्यावे, थांबावे, ऐकावे आणि पुन्हा द्यावे. बाहेरच्यांनीही मधूनमधून सारी कामे थांबवून शांतपणे कान लावावा; यंत्रांच्या व माणसांच्या कोलाहलात आतला क्षीण आवाज ऐकू येत नाही. शोध लवकर सोडू नये. किल्लारीच्या भूकंपात एका उद्ध्वस्त घरात सैनिक ढिगारा उपसत होते. धक्का बसून पाच दिवस उलटले होते आणि आत कोणी जिवंत असेल असे कोणालाच वाटत नव्हते. एका खाटेच्या आडोशाला जेमतेम एका मुलापुरती पोकळी राहिली होती. त्या पोकळीत दीड वर्षाची एक मुलगी होती, आणि तिचा श्वास चालू होता.